थापट मारू नकोस

थापट मारू नकोस तिला, नेल्तोन.
मारलीस की क्षणभर पेटते, मान्य;
भ्यायलेलं पोरही क्षणभर खरं बोलतं.
इकडे बस. चुलीचं दार उघडं ठेव,
तेवढा उजेड पुरे.
डालकावेच्या वळणावर वाऱ्यानं तार पाडलीय,
उद्या दुपारपर्यंत कोणी खांबावर चढायचं नाही.
आपल्याला घाई कसली?

मागचं झाकण फिरव. डावीकडे.
हटून बसलंय? ओलं फडकं घे,
जोर मनगटाचा लाव, दातांचा नको,
रोसामेलचा पुढचा दात असाच गेला.

आता पालथी धर. एक सेल पडला.
दुसरा पडत नाही ना?
फुगलाय. मार्चपासून आत तसाच निजलेला.
अंगातून पांढरं फुटलंय बघ त्याच्या,
मीठ नव्हे ते, बोटानं चाखू नकोस, डोळे चोळू नकोस.
या बेटावर काही गंजलं की
लोक खाऱ्या वाऱ्यावर घालतात.
हे आतलं गंजणं. वारा बिचारा दाराबाहेर होता.

काडीला कापूस गुंडाळ.
ती बाटली दे, सफरचंदाची दारू,
गेल्या साली बिघडलेली.
प्यायच्या कामाची राहिली नाही,
पण आंबट झालेल्याचंही काम असतं घरात.
एकच थेंब. फसफसतंय?
फसफसू दे, बोलून घेऊ दे त्याला.
मग पूस. मग कोरडं कर. मग तुझं खोडरबर आण,
गणितापेक्षा इथे जास्त उपयोगी पडेल,
पितळ दिसेपर्यंत घास.

आता स्प्रिंग. दबून गेलीय.
खिळ्यानं हळूच ओढ, वळसा वळसा,
पुन्हा उभी राहील इतकीच.
जास्त ओढलीस तर तुटेल,
कमी ओढलीस तर उद्या परत थापट.

थांब.
झाकणाच्या तळाशी काय चमकतंय?
जादा बल्ब ठेवायची जागा ती,
बल्ब तर केव्हाच वापरला.

सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद.
चार घड्या घालून कोंबलेला.

असं.
म्हणजे हे त्याचं 'नीट केली'.

तेव्हा तू खाली आन्कुदला होतास, आईकडे.
ऑगस्टची रात्र. मी धक्क्यावर, हीच बॅटरी हातात,
त्याची होडी खाडीत कुठेतरी,
मी उजेड गोल गोल फिरवतेय, आणि ही विझली.
थापट. पेटली. विझली. थापट.
आठवडाभर तळवा निळा होता माझा.
शेवटी तो आला तो
क्लोरिंदोच्या कुत्र्याच्या भुंकण्यावर.
दुसऱ्या दिवशी बटाट्याची सालं काढता काढता म्हणाला,
बॅटरी नीट केलीय.
काय केलंस, मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
या एवढ्याशा कागदावर
दोन हिवाळे काढले आम्ही.

नको, फेकू नकोस.
आतही नको घालू, आडवा सरकला तर सेल तापतील.
बटणांच्या डब्यात ठेव.
गुरुवारी तो साल्मनच्या तराफ्यावरून येईल,
तू काही बोलायचं नाहीस.
बोलायचं तर मी बोलेन.

नवे सेल घे. दोन्ही नवे.
एक जुना, एक नवा असं कधी करू नये,
जुन्याला ओढता ओढता नवाही मरतो.
दोघांची नाकं बल्बकडे. हां.
काचेभोवतीच्या रबराला बोटभर व्हॅसलीन,
जास्त नको, केक नाही करत आपण.
झाकण लाव. उजवीकडे.

आता बटण दाब.

पाहिलंस? छपराच्या फळ्यांपर्यंत गेला उजेड,
तो कोपरा केवढा काळा झालाय धुरानं,
मला माहीतच नव्हतं.

बरं, बंद कर आता.
सेल काही झाडाला लागत नाहीत.